एका चालीसाठी मेहुण्याला मारलं

माझा मेहुणा दीपक याच्या भुवईवर सात टाके पडलेत, डोळा वाचला. कर्जतच्या डॉक्टरांनी तासाभरापूर्वी तसं सांगितलं. मारणारा मी आहे. इतरांकडून कळण्याआधी मीच लिहितो.

वर्षभर मी मोबाइलवर बुद्धिबळ शिकतोय. रोज एक डाव खेळायचा आणि नंतर अॅपमध्ये आपल्या चुका तपासायच्या. आज जिंकलो असतो तर रेटिंग पहिल्यांदाच बाराशेवर गेलं असतं.

दुपारी पळसदरीला चहाच्या टपरीवर बसून मोबाइलवर खेळत होतो. आमच्याकडे पटाभोवती चौघं जमतात आणि चाल बोट ठेवूनच दाखवतात. मी वजीर निवडून विचार करत होतो; आता ज्या घरावर बोट पडेल तिथं तो जाणार होता.

"ओ दाजी, घोडा घाला की इथं! तुमाला दिसत नाय काय?" म्हणत दीपकनं स्क्रीनवरच्या एका घरावर बोट ठेवलं. घोड्याऐवजी माझा वजीरच तिथं गेला आणि समोरच्याच्या प्याद्यानं तो मारला.

मी हातातला स्टीलचा पेला दीपकच्या तोंडावर हाणला. तो बाकाखाली कोसळला. तरी केस धरून आणखी दोनदा हाणला.

"सोड रं, मरंल तो!" टपरीवाल्या मावशींनी मला मागं ओढलं, तेव्हा माझा हात मनगटापर्यंत रक्तानं भिजला होता.

घरी येऊन सवयीनं डाव तपासला. दीपकची घोड्याची चाल बरोबर होती. पुढच्या दोन चालींत मात होती.

त्यानं अजून पोलिसांत तक्रार दिलेली नाही. माझी बायको भावाजवळ पोशीरला गेली आहे. उद्या सकाळी मी तिथं जाणार आहे आणि दार बहुधा तीच उघडेल. तिच्या जागी तुम्ही असता, तर मला आत घेतलं असतं का?