ठवणीवरचा गुप्तहेर

बेल्याच्या महादेवाच्या देवळात श्रावणभर पोथी वाचायचा मान प्रयागबाईंचा. एक नाही, दोन नाही, तेवीस वर्षांचा. पोथीच्या पिशवीत तळाशी एक जुनी गुप्तहेराची कादंबरी असायची, हेही गावाला ठाऊक होतं. अध्याय संपला की बाया जवळ सरकून बसायच्या आणि प्रयागबाई ती बाहेर काढायच्या.

देवळाचे पंच उद्धवराव नाक मुरडायचे. "देवळात दारू-पिस्तुलाचं काय काम?"

"माहा गुप्तहेर लय हुशार नाही, भाऊ. मार खाते, पन इकला जात नाही. म्हनून आवडते मले."

यंदा देवळातली पितळी समई नाहीशी झाली. आळ आला झाडलोट करणाऱ्या रेणुकाबाईवर. का, तर किल्ली तिच्याकडे! बिचारीने पायरी चढायचं सोडलं.

प्रयागबाईंचं डोकं फिरलं. त्या दारोदार विचारत फिरल्या, चार ठिकाणी बोलणी खाल्ली. शेवटी तशीच समई उद्धवरावांचा लेक पंकज याच्याकडे पाहिल्याचं एकीने सांगितलं, तेव्हा त्याच्या आदिलाबादच्या नव्या घरी हळदीकुंकवाच्या निमित्ताने पोचल्या आणि देवघरातली समई सरळ उलटी करून पाहिली. बुडाशी ती देवळाला दान देणाऱ्या वच्छलाबाईचं नाव कोरलेलं होतं. वास्तुशांतीला म्हणून उद्धवरावांनीच नेऊन दिलेली, परत आणायची राहिली. आणि हा गृहस्थ गावात चोर शोधत होता!

दुसऱ्या दिवशी उद्धवराव दारात हजर. "समई मी गुपचूप आनून ठेवतो. तुमी चूप राहा, पोथी तुमच्याकडंच राहीन."

"अन् रेनुकाचं नाव?"

"लोक इसरून जातीन."

मान सोडायचा म्हणजे प्रयागबाईंच्या जिवावर आलं, खोटं कशाला बोला. पण भित्रेपणाची त्यांना त्याहून जास्त लाज वाटली.

सोमवारी देऊळ भरलं. प्रयागबाईंनी ठवणीवरच्या पोथीला नमस्कार केला आणि अध्यायाआधी सगळं सांगून टाकलं, नावानिशी. उद्धवराव लालबुंद झाले. "आजपासून तुमी पोथी वाचाची नाही!" म्हणत पोथी उचलून चालते झाले.

लाकडी ठवणी रिकामी राहिली. प्रयागबाईंनी पिशवीत हात घातला, कादंबरी काढली आणि ठवणीवर मांडली.

"कुठलोक वाचत आलतो आपुन?"

एकही बाई उठली नाही. पायरीखालून रेणुकाबाईचा आवाज आला, "त्याले मारून नदीत फेकलं होतं. पन तो मेला नवता."

"मंग तिथं काऊन उभी? वर ये, समोर बस."