आपल्या माणसाचं नाव

आमच्या कालिंदीताईचा विषय निघाला की लोक म्हणतात, "किती सोपं लिहिते हो ती!" ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सोपं लिहिणं ही काही तिची हौस नव्हती. तिला शास्त्रज्ञ व्हायचं होतं, ती झालीही होती, आणि मग आपल्याच माणसांनी मिळून तिला सोपं लिहायला बसवलं. मी तिची धाकटी बहीण, लीना. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, तेव्हा मी हे शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आम्ही खांबेटे आजोबांपासून कलकत्त्याचे. वडील श्यामराव, म्हणजे आमचे नाना, विमा कंपनीत नोकरीला होते आणि ऑफिस सुटल्यावर उरलेला जीव मराठी मंडळाला वाहत. एवढ्या मोठ्या शहरात मराठी घरं ती किती! गणपती बसवायला तीच, लग्नं जुळवायला तीच, आजारपणात डबा पोचवायलाही तीच. त्यामुळे नानांच्या लेखी जगात दोन तऱ्हेची माणसं होती, आपली आणि बाकीची.

१९६८ साली ताई वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली. विद्यापीठातल्या एक बंगाली बाई तिला पीएच.डी.साठी घ्यायला तयार होत्या. बाई कडक, पण विद्यार्थ्याच्या कामावर विद्यार्थ्याचंच नाव आधी घालतात अशी त्यांची ख्याती. तेवढ्यात दिल्लीहून बदली होऊन डॉ. शरच्चंद्र किंजवडेकर इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षी मंडळाचे अध्यक्षही. नानांना आकाश ठेंगणं झालं. "आपला माणूस आहे. पोर डोळ्यांसमोर राहील," म्हणाले. दुसऱ्या कुणी आधी त्या माणसाचे विद्यार्थी कसे निघाले ते विचारलं असतं. आम्ही आडनाव विचारलं आणि मुलगी हवाली करून मोकळे झालो.

तिचा विषय ताग. कापलेल्या तागाच्या पेंढ्या तळ्यात बुडवून ठेवतात, त्या कुजल्या की धागा सुटतो. हे कुजवणारे जंतू कोणते आणि ते मुद्दाम सोडले तर काम लवकर होईल का, हा ताईचा प्रश्न होता. ती सियालदहला गाडी धरून बजबजला उतरायची आणि तिथून पुढे खेड्यांत जाऊन कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची. शहरात तेव्हा नक्षलवादाचे दिवस होते, बॉम्ब फुटत होते, कॉलेजं बंद पडत होती, पण हिची बाटल्यांची पिशवी काही थांबली नाही. तो कुजका वास केसांतून जाता जात नसे. तिला बघायला आलेल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला तो निघेपर्यंत काढला नाही. किंजवडेकरांनी मात्र त्या सगळ्या वर्षांत एकदाही बूट ओले केले नाहीत.

आणि तिला सापडलं. नेमके जंतू वेगळे काढून, वाढवून तिने नव्या पाण्यात सोडले. धागा लवकर सुटला आणि चिवटही निघाला. तिने सगळे आकडे नीट मांडून सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी ग्रंथालयात एक नियतकालिक चाळताना तिला स्वतःचेच आकडे दिसले. वर नावं दोन, किंजवडेकरांचं आणि दिल्लीत असलेल्या त्यांच्या जावयाचं. शेवटी बारीक अक्षरात 'मदतीबद्दल कुमारी खांबेटे यांचे आभार'. जावयाने तागाचं झाड तरी पाहिलं होतं की नाही, देव जाणे!

ती जाब विचारायला गेली तेव्हा सर म्हणाले, "अगं, हे काम आता छापून झालं. तुझ्या प्रबंधासाठी दुसरा विषय शोधू. तू लहान आहेस, तुला खूप वेळ आहे."

ताईने विद्यापीठाकडे तक्रार करायची ठरवली. नाना आडवे आले.

"ते अध्यक्ष आहेत मंडळाचे. चारचौघांत शोभा होईल. लीनाचं लग्न व्हायचंय अजून."

"नाना, तुम्हीच म्हणालात ना, ते आपले आहेत म्हणून? मग मी कोण?"

नाना उठून देवघरात गेले. माझ्या लग्नाचा मात्र त्यांनी उपयोग करून घेतला. मला कुणी विचारलं होतं? मी तेव्हाच ओरडून सांगितलं की मला असलं लग्न नको. मला खोलीबाहेर काढण्यात आलं.

त्या साली गणेशोत्सवात एक व्याख्यान कमी पडत होतं. मंडळाचा रिवाज असा की दर वर्षी घरच्याच एका मुलाने किंवा मुलीने आपल्या अभ्यासाविषयी बोलायचं. किंजवडेकरांनीच सुचवलं, "आपली कालिंदी आमच्या संशोधनावर बोलेल." आमच्या! निर्लज्ज माणसाला निदान भीती तरी असते असं मी समजत होते.

ताई उभी राहिली. समोर बायका, म्हातारी माणसं, मराठी तोडकंमोडकं येणारी मुलं. तिने इंग्रजी शब्द बाजूला ठेवले. "दूध विरजायला आपण कालच्या दह्याचा चमचा घालतो ना," ती म्हणाली, "तसंच मी तळ्याला विरजण लावलं." मग तळं, चिखल, बाटल्या, जंतू असं सगळं सांगत गेली. मंडळातल्या सरलामावशींनी तर मध्येच विचारलं की विरजण जास्त झालं तर धागा आंबतो का. ताईने त्याचंही उत्तर दिलं. आणि शेवटी त्याच आवाजात म्हणाली, "हे सगळं मी केलं. छापून आलं त्यात माझं नाव नाही. ज्यांचं आहे ते पहिल्या रांगेत बसलेत."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. उठले ते किंजवडेकर. घड्याळाकडे पाहून म्हणाले, "चला, आरतीची वेळ झाली." आणि हो, सगळे उठले! टाळ वाजले, तबक फिरलं, अध्यक्षांनी प्रसाद वाटला आणि ज्यांनी आत्ताच ऐकलं होतं त्यांनी तो हात पुढे करून घेतला. बाहेर पडताना एकेक जण ताईजवळ येऊन सांगत होता, "काय सोपं करून सांगितलंस गं!" मजकूर गिळायचा नव्हता म्हणून सगळ्यांनी भाषेला दाद दिली.

त्यातल्याच एका बँकवाल्या गृहस्थांचा भाऊ पुण्यात मासिक काढत होता. "हे त्याला लिहून पाठव, फक्त शेवटचं तेवढं गाळ," असा निरोप आला. ताईने शेवटचं गाळलं. प्रयोगशाळा सोडली. मग मराठीत, पुढे बंगालीतही लिहू लागली. पाणी शिळं कसं होतं, भाकरी का फुगते, साप ऐकतो की नाही. तिने स्वतःसाठी एक नियम केला की जे छापील पुराव्याने दाखवता येत नाही ते लिहायचं नाही. तिचं नाव झालं ते त्या नियमामुळे. आणि त्याच नियमाने पुढे तिचा गळा धरला.

१९७७ साली शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकासाठी तिला 'आपल्या देशातले शोध' यावर धडे लिहायला सांगितलं. एक धडा तागाचा. तिने तो जीव ओतून लिहिला, पण कुणाचंच नाव घातलं नाही. संपादक विमलबाबू भला माणूस, तिला मानणारा. पण म्हणाला, "नाम छाडा होबे ना, दिदी. नावाशिवाय शोध कसा? मुलं विचारतील." ताईने स्वतःचं नाव सांगावं, तर दाखवायला तिच्याकडे काय होतं? बारीक अक्षरातले आभार!

तिने किंजवडेकरांचं नाव घातलं. स्वतःच्या हाताने.

मी तिच्याशी कडाकडा भांडले. "ताई, अगं पिढ्यान् पिढ्या पोरं त्या चोराचं नाव पाठ करतील!"

"पेपर त्यांच्या नावावर आहे, लीना. मी दुसऱ्या कुणाविषयी लिहिताना पुरावा मागते. स्वतःसाठी सवलत घेऊ?"

"घे!"

"मग मी आणि ते सारखेच झालो."

पुस्तक आलं तेव्हा नानांनी ते मंडळात नेऊन दाखवलं. धडा मुलीचा, शोध अध्यक्षांचा, दोन्ही नावं आपली. म्हातारा आनंदाने ज्याला त्याला ते पान उघडून देत होता, आणि मला त्याची दया येण्याऐवजी संतापच आला.

मी लग्न केलं नाही. मुलींच्या बंगाली शाळेत विज्ञान शिकवते, आणि तो धडा सहावीच्या वर्गात मलाच शिकवावा लागतो. यंदा वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, ताग लवकर कुजवण्याची पद्धत कोणी शोधली? अख्ख्या वर्गाने बंगाली अक्षरात ते लांबलचक मराठी आडनाव बिनचूक लिहिलं होतं. मीच घोकून घेतलं होतं ना! एकेका पेपरवर बरोबरची खूण करत गेले. मुलींचा काय दोष, मार्क देणं भाग होतं, ते दिले.

एकीने उत्तराची जागा कोरी सोडली होती. तिलाही मी पूर्ण मार्क दिले.