उठवायचं राहिलेलं माणूस

डोंगराकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत झोपायच्या डब्यावर जो अटेंडंट होता, त्याला सगळी रेल्वे कोंबडेबुवा म्हणायची. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथे सुखात होतं. बुवांचं काम तसं साधं. गाडी सुटायच्या आधी प्रत्येक बर्थवर चादर, उशी आणि ब्लँकेट ठेवायचं. वरचा बर्थ रात्रीतून खाली येईल का, अशी कोणाला शंका आली तर ती फेडायची. आणि ज्याचं स्टेशन आलं त्याला उठवायचं. पहिली दोन कामं कोणीही करू शकतो. तिसऱ्यासाठी माणूस जन्मावा लागतो, असं बुवांचं मत होतं, आणि तो जन्मलेला आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

माणसाला उठवणं म्हणजे त्याला हलवणं नव्हे, असं ते नव्या अटेंडंटांना सांगत. हलवलं की माणूस उठतो, पण भांडायला उठतो. साध्या माणसासाठी पायाशी बर्थच्या लोखंडावर बोटाने टकटक पुरते. फौजी असेल तर त्याच्या हाताच्या टप्प्यात उभं राहायचं नाही. नवं जोडपं असेल तर लांबून खोकायचं आणि खोकून झालं की दुसरीकडे बघायचं. लहान मुलाला उठवायचंच नाही, त्याच्या आईला उठवायचं. पुढचं ती बघून घेते. वकिलाला जरा आधीच उठवलेलं बरं, कारण स्टेशन खरंच येतंय याचा तो पुरावा मागतो. आणि तोंडाने म्हणायचं एवढंच, "उठा, आलं तुमचं."

बुवांच्या डब्यात झोपेपायी कोणाचं स्टेशन हुकलं, असं आजवर झालं नव्हतं. तिकीट तपासनीस त्यांची फिरकी घ्यायचा, "बुवा, तुम्ही निवृत्त झाल्यावर उजाडायचं कसं?"

बुवा गंभीरपणे म्हणायचे, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. लोक तेवढे झोपून राहतात."

हे झालं नोकरीतलं. घरी बुवा अगदी उलटे होते. एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या, आणि वर जायला लाकडी जिना. फेरी संपवून बुवा भल्या पहाटे परत यायचे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बूट काढायचे, ते हातात घ्यायचे आणि पायऱ्यांच्या कडेकडेने, जिथे फळी वाजत नाही तिथून, चढायचे. कडी उचलताना तिच्याखाली करंगळी धरायचे. तहान लागली तरी भांड्याला हात लावायचे नाहीत. जगाची झोपमोड करून आपण पोट भरतो, तर घरच्या एका माणसाची तरी झोप राखावी, असा त्यांचा साधा न्याय होता. बाई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या असायच्या. बुवा अंथरुणाच्या कडेला चोरासारखे आडवे व्हायचे आणि आपण किती चांगले नवरे आहोत, या विचारात त्यांना झोप लागायची.

खाली दुकानामागेच राहणाऱ्या घड्याळवाल्याला तर बुवा घरी येतात कधी, हेच कळलं नव्हतं. त्याची प्रामाणिक समजूत अशी होती की वर बाई एकट्या राहतात आणि बुवा अधूनमधून पाहुणे म्हणून असतात.

बाई घरी बसून शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायच्या. दुपारी शर्ट मांडीवर तसाच राहायचा आणि बाईंची मान खाली पडायची. कधी सुई बोटात जायची, त्या "हाय" म्हणायच्या आणि परत पेंगायच्या. बुवांना याचंही कौतुक. तपासनिसाला ते सांगायचे, "आमची ही म्हणजे कुंभकर्णाची धाकटी बहीण. रात्रभर झोपून दिवसाही तिला झोप पुरत नाही."

आता डोंगराचं. बुवांच्या गाडीतून तो बर्फाचा डोंगर दिसायची जागा एकच. घाट चढून गाडी एका लांब वळणावर यायची, उजव्या हाताला दरी उघडायची, आणि पलीकडे तो अख्खाच्या अख्खा उभा असायचा, नुकतं ऊन पडलेला. बघता बघता बोगदा यायचा. बोगद्यापलीकडचं गाव त्या डोंगराच्याच खांद्यावर वसलेलं. आणि बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला बापाचं तोंड दिसत नाही, तसा तिथून डोंगर दिसायचा नाही. परतीच्या वेळी वळणावर काळोख. म्हणजे बघायचा तर जाताना, तेवढ्यातच. लग्न झालं त्याच वर्षी बुवा बायकोला म्हणाले होते, "एकदा नेतो तुला. माझ्याच डब्यातून."

नेतो म्हणाले आणि राहिलं. आधी सासूबाईंचं दुखणं निघालं. मग लेक झाली, मग लेकीच्या परीक्षा झाल्या, मग लेकीचं लग्न झालं. मधल्या काळात बुवांना रजा मिळायची तेव्हा बाईंकडे गणवेशांचा ढीग असायचा, आणि ढीग उपसला की बुवांची रजा संपलेली असायची. बाईंनी तो विषय सोडला नव्हता. मोठ्याने काढायचा तेवढा सोडला होता.

शेवटी रेल्वेनेच घाई केली. घाटाच्या पोटातून नवा सरळ मार्ग तयार झाला, सगळा बोगदाच बोगदा. जुन्या वळणावरून गाडी जाणार ती या महिनाअखेरपर्यंत. आणि महिनाअखेरीला बुवाही निवृत्त होत होते. माणूस आणि वळण एकदमच सेवेतून उतरणार होतं. आता नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही कळलं. शेवटच्या फेरीला बुवांनी बाईंसाठी पास काढला आणि उजव्या बाजूचा, खालचा, खिडकीलगतचा बर्थ मिळवला. त्यासाठी ते तपासनिसाशी आयुष्यात पहिल्यांदा गोड बोलले.

बाई लेकीने दिलेला स्वेटर घालून आल्या. बर्थवरची चादर त्यांनी उलटसुलट करून पाहिली, शिलाई ठीक आहे अशी मान हलवली आणि टेकून बसल्या.

"मी आपली जागीच राहते," त्या म्हणाल्या.

"रात्रभर? उगाच डोकं धरेल. झोप निवांत."

"आणि मला उठवाल ना नक्की?"

समोरच्या बर्थवर एक वकील आपले बूट उशाखाली ठेवत होते. त्यांनी वळून पाहिलं. बुवांचा चेहरा कसानुसा झाला.

"अगं, तू हे कोणाला विचारतेस?"

"तुम्हालाच विचारतेय. किती वर्षं ऐकतेय त्या डोंगराचं. तो न बघता परत आले ना, तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी."

"उठवतो म्हटलं ना! अख्ख्या डब्यात सगळ्यात आधी तुलाच उठवतो."

गाडी सुटली. बुवांनी दिवे मंद केले, पडदे ओढले आणि फेऱ्या सुरू केल्या. सरकारी बुटांची टाच वाजायची ती वाजत होती. बाईंच्या पडद्यापाशी ते प्रत्येक फेरीत जरा थांबायचे आणि पुढे जायचे. आतून हालचाल नव्हती. झोपली वाटतं, म्हणून त्यांना बरं वाटलं.

पहाटे घाट संपत आला तसे बुवा कामाला लागले. सगळ्यात आधी बाईंना उठवायचं कबूल केलं होतं, पण त्या पलीकडच्या टोकाला होत्या, आणि वाटेतल्या लोकांना टाळून जाणं बुवांच्या हाडात नव्हतं. टकटक केली. खोकले. एका आईला उठवलं, तिने दोन पोरांना उठवलं. वकील साहेबांनी, डोंगर आज दिसेलच कशावरून, असं विचारलं आणि तरीही उठले. एकेक माणूस डोळे चोळत उजवीकडच्या खिडक्यांशी गोळा झाला. मग बुवा बाईंच्या बर्थशी आले आणि त्यांनी पडदा हळूच बाजूला केला.

बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या नव्हत्या. उताण्या झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं, एक हात बर्थच्या बाहेर लोंबत होता. श्वास संथ चालला होता. अशी झोप बुवांनी डब्यात हजारदा पाहिली होती. घरी मात्र पाहिल्याचं त्यांना आठवेना. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून उजेडाचा एक पट्टा आत येऊन बाईंच्या डोळ्यांवर पडत होता. पापण्या किंचित हलल्या.

बुवा पटकन वाकले आणि ती फट चिमटीत धरून मिटवली.

तेवढ्यात दरी उघडली. मागे एक पोरगं ओरडलं, "आई, बघ! केवढा मोठा!"

"शूऽऽ!" बुवा मान मागे वळवून म्हणाले. "हळू बोला. झोपलंय माणूस."

वकिलांनी दबक्या आवाजात विचारलं, "कोण झोपलंय?"

"आमच्या घरचं."

मग सगळ्यांनीच आवाज खाली घेतले. आईने पोराच्या तोंडावर हात ठेवला. त्या वळणावरून त्या डोंगराकडे पाहून माणसं ओरडली होती, रडली होती, एकदा तर एक गृहस्थ गायला लागले होते. पण अख्ख्या डब्याने तो कुजबुजत पाहिला, असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं. बुवा डोंगराकडे पाठ करून, चिमटीत पडदा धरून, अवघडून उभे होते. कोणी जरा मोठ्याने उसासा टाकला तरी डोळे वटारत होते.

बोगदा आला. काळोख झाला. काळोखात बुवांना पाय गार लागले. त्यांनी चाचपून पाहिलं, तर पायांत नुसते मोजे होते आणि बूट डाव्या हातात होते. ते कधी काढले, हे त्यांना काही केल्या आठवेना. हातातले बूट चाचपता चाचपता आपण काय करून बसलो, ते त्यांच्या ध्यानात आलं.

गाडी थांबल्यावर बाई आपल्या आपण जाग्या झाल्या. समोर फलाट होता आणि फलाटावर धुकं.

"डोंगर?" त्यांनी विचारलं.

"गेला," बुवा म्हणाले.

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"मागे."

बाईंनी सगळा डबा पाहिला. सगळे जागे होते. सगळ्यांनी पाहिला होता. एका नव्या जोडप्यातली नवरी तर त्यांच्याकडे बघून नजर चुकवत होती.

"या सगळ्यांना उठवलंत?"

"हो."

"आणि मला नाही?"

"उठवायचं राहिलं," बुवा म्हणाले. दुसरं खरं असं काही त्यांना सुचलं नाही.

बाई उठल्या, चादरीची घडी घातली, ती बुवांच्या हातात दिली आणि खाली उतरल्या. फलाटाच्या टोकाला बाक होता, त्यावर त्या बसल्या. बुवा चहाचे दोन पेले घेऊन गेले. बाईंनी पेला घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते बुवांना दिसू नये म्हणून त्या धुक्याकडे बघत होत्या. बुवांना आपल्या आयुष्याची लाज वाटली. जगभरच्या परक्या माणसांना वेळेवर पोचतं केलं आणि घरचं माणूस दाराशी नेऊन ठेवलं बाहेर.

"कसा दिसत होता आज?" पेला अर्धा झाल्यावर बाईंनी विचारलं.

"मी नाही बघितला. मी पडदा धरून उभा होतो."

"कसला पडदा?"

"तुझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं." बुवा पेल्यात बघत म्हणाले. "इतकी गाढ झोपली होतीस गं. हात पुढे झाला माझा, पण उठवेना. घरी कधी उठवलंय का मी तुला? इतक्या वर्षांत एकदा तरी तुझी झोप मोडली का?"

बाईंनी पेला बाकावर ठेवला.

"घरी मी झोपते कुठे?"

"म्हणजे?"

"तुम्ही फेरीवर असलात की मला डोळ्याला डोळा लागत नाही. लग्न झाल्यापासून. घाटात गाडी, पावसापाण्याचे दिवस. कडी वाजेपर्यंत जागीच असते."

"कडी वाजत नाही," बुवा म्हणाले. या अवस्थेतही त्यांना तेवढं सांगावंसं वाटलं.

"वाजते. खाली पायरीवर बसून तुम्ही बूट काढता तेही ऐकू येतं. मग मी भिंतीकडे तोंड करते."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"काय बोलायचं? माणूस रात्रभर उभा राहून दमून येतो आणि मांजराच्या पावलांनी जिना चढतो, का, तर बायकोची झोप मोडू नये. त्याला सांगायचं, की बाबा रे, मी जागीच आहे? किती हिरमुसला असतात तुम्ही."

बुवांना दुपारी मांडीवर पडणारी ती मान आठवली, बोटात जाणारी सुई आठवली आणि कुंभकर्णाची धाकटी बहीण आठवली. चहा निवला तरी त्यांना तो प्यायचं सुचलं नाही.

"काल मात्र तुमचे बूट वाजत होते बाहेर," बाई म्हणाल्या. "इकडून तिकडे, तिकडून इकडे. म्हटलं, इथेच आहेत. मग कधी झोप लागली, कळलंच नाही मला. डोंगर बघायला आले होते आणि झोपून आले." आणि त्यांना एकदम हसू आलं. रडूही तसंच चालू राहिलं.

रात्री गाडी परत निघाली. वळणावर बुवा बाईंच्या बर्थशी गेले. टकटक केली नाही, खोकले नाहीत. सगळे नियम मोडून त्यांनी खांद्याला हात लावून हलवलं.

"ऊठ, आलं तुझं."

बाई भांडायला उठल्या नाहीत. त्यांनी काचेला नाक लावलं. बाहेर मिट्ट काळोख होता.

"कुठाय?"

"इथेच आहे समोर."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वळण संपेपर्यंत बघत राहिल्या.

पहाटे दोघं घरी पोचली. दुकान बंद होतं, गल्ली शांत होती. बाई पिशवी घेऊन पुढे झाल्या. मागे चाहूल लागेना म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर बुवा पहिल्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होते.

"घाला ते बूट," बाई म्हणाल्या. "वर कोणी झोपलेलं नाहीये."

बुवांनी नाडी परत बांधली. उभे राहिले आणि पायरीच्या मधोमध पाऊल टाकलं. फळी वाजली. दुसरी वाजली. सगळा जिना वाजत गेला. खाली दार करकरलं आणि घड्याळवाल्याने घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोण आहे?"

"आमचे हे आहेत," बाई वरून मोठ्याने म्हणाल्या. "घरी आलेत."