आल्बममधून काढलेलं गाणं

धाकटी दिवसभर कवळ्या बनवायची. दात घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राच्या घरघरीवर ती स्वतःशीच गुणगुणत असे. ओळखीचे लोक तिला कवळीवालीच म्हणत. ही रॉक गाणी रचते, गिटार वाजवून गाते, असं कळलं की आधी हसत आणि मग आपली कवळी कधी मिळेल ते विचारत.

चाळिशी उलटल्यावर तिने मनावर घेतलं. कुठल्याच कंपनीने दाद दिली नव्हती, तेव्हा आल्बम स्वतःच काढायचं ठरलं. कॉलेजपासूनचा ड्रमवाला मित्र सोबतीला होता. त्याच्या गॅरेजच्या भिंतींना जुन्या गाद्या लावून दोघांनी सुट्टीसुट्टीला गाणी रेकॉर्ड केली.

त्यातलं शेवटचं गाणं सगळ्यांत सरस उतरलं. ते तिच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं होतं. ताईचं बाळ जन्मल्या दिवशीच गेलं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने त्याच्यासाठी आणलेल्या कपड्यांच्या एकेक करून घड्या घातल्या, ते धाकटीने दारातून पाहिलं होतं. त्यानंतर कैक वर्षं घरात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. धाकटीने मात्र त्या गाण्यात जीव ओतला होता.

आल्बम बाहेर पडण्याआधी तिने तो ताईला ऐकवला. ताई भाजी निवडत ऐकत होती. शेवटचं गाणं लागलं तसे तिचे हात थांबले. ते संपल्यावर तिने भाजीचं ताट बाजूला सारलं.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण हे माझं होतं गं. विचारायचंस तरी."

विचारलं असतं तर ताई नाही म्हणाली असती, आणि म्हणूनच तिने विचारलं नव्हतं.

तिने गाणं काढून टाकलं. ड्रमवाल्याने डोक्यात राख घालून घेतली. याच्याशिवाय आल्बममध्ये उरलंच काय, असं म्हणून तो निघून गेला आणि कितीतरी दिवस त्याने फोन उचलला नाही. आल्बम निघाला. मोजक्या लोकांनी ऐकला. एकाने लिहिलं की तो मध्येच संपल्यासारखा वाटतो. धाकटीला वाईट वाटलं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी एका दुपारी ताई आली, आणि पाणी प्यायल्यावर म्हणाली, "ते म्हण ना एकदा."

धाकटीने हलक्या हाताने गिटार छेडत सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यावर ताईने तिला थांबवलं.

"मी रडले असं घातलंयस तू. मी रडले नव्हते. मला राग आला होता."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. तुझासुद्धा. दारातच उभी राहिलीस. आत आली नाहीस."

धाकटीने गिटार बाजूला ठेवली आणि ती ताईजवळ जाऊन बसली.

ते कडवं ती अजून बदलते आहे. राग कसा लिहायचा हे तिला उमगत नाही. ताई अधूनमधून येते, ऐकते, आणि मान हलवून म्हणते, "अजून नाही."