राग कुठे आलाय?

"शेठ, राग कुठे आलाय?"

मार्केट यार्डातल्या माझ्या बटाट्याच्या गाळ्यावर मी कुणावर ओरडत असलो, की आमचे मापाडी हे विचारायचे. काट्यावरच्या पोत्यावरची नजर न काढता.

पहिल्यांदा मी भडकलोच. "कुणावर, ते विचारा! कुठे काय?"

"कुणावर ते फुलबाजारापर्यंत ऐकू गेलं. अंगात कुठे, ते विचारतोय."

मला वाटलं, माझा चेहरा बघून त्यांना हार्टची शंका आली. तडक जाऊन ईसीजी काढला. नॉर्मल. कागद दाखवला तर म्हणाले, "यात नाही हो दिसत राग. डोळे मिटून बघावं लागतं."

हे ते विपश्यनेच्या शिबिरात शिकले होते. लिलावाआधी पोत्याला टेकून दहा मिनिटं नुसता श्वास बघत बसायचे. भोवती टेम्पोचे हॉर्न, हमालांची हाकाटी. तुम्हालाही तो माणूस आळशीच वाटला असता. पण त्यांच्या मापावर कधी तक्रार आली नाही.

एकदा मलाही बसवलं. मी म्हटलं, "दहा मिनिटं जमणार नाहीत. तीन."

"बसा तरी."

"दोन करा."

"शेठ, श्वास काय मी घरून आणून देतोय?"

माझा खरा राग एकाच माणसावर होता. धाकट्या भावाला मी पोती उचलून वाढवलं, धंदा शिकवला. त्याने समोरच्या ओळीत स्वतःचा गाळा घेतला आणि मला ते हमालांकडून कळलं. चार वर्षं बोलणं बंद.

डोळे मिटले. "मानेत जळतंय," मी म्हणालो.

"बरं. आणखी?"

"पोटात काहीतरी आहे. पण तो राग नाही."

"मग काय आहे?"

गाडी आली असं सांगून मी उठलो. गाडी आली नव्हती.

यंदाच्या थंडीत ते गेले. बिबवेवाडीच्या विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाला हॉल गच्च भरला होता. भाऊही आला. त्याच्या गाळ्यावरचं मापही हेच मापाडी करायचे. दारात त्याने मला पाहिलं आणि काढलेल्या चपला पुन्हा पायात घालू लागला.

चूक त्याचीच होती, हे मी आजही म्हणतो.

मी सतरंजीवर सरकलो. "ए, बस इथे."

तो मांडी घालताना त्याचा गुडघा कटकन वाजला. आमच्या वडिलांचा वाजायचा तसा.