करंगळीचं माप

माझे सासरे बूट शिवतात, असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. "बूट कुणीही शिवतं. मी अडलेल्या पायांचे शिवतो." एक पाय आखूड, टाच वाकडी, बोटं गेलेली, अशी माणसं दवाखान्यातून थेट आमच्या दुकानात येतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण ते सगळ्यांवर ओरडतात.

मास्तरांचा एक नियम आहे. चामड्याला कात्री लावण्याआधी एकाने माप बोलायचं, दुसऱ्याने त्या जागी हात ठेवून परत बोलायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे खूळ वाटायचं.

सगळी मापं, पायांच्या आकृत्यांसकट, दुकानातल्या कम्प्युटरमध्ये. त्याची डिस्क वर्षभर कुरकुरत होती. नवी एसएसडी डिस्क मी आणून ठेवली होती, तीही सहा महिने खणात पडून. "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" असं मास्तरांनी म्हटल्यावर बोलायची कुणाची टाप होती?

मग एका सकाळी आमच्या जुन्या गिऱ्हाईक कंडक्टरबाई आल्या. मधुमेहाने त्यांचा डावा पाय बधिर. बूट चावला तरी कळत नाही. तसाच चावला आणि गेल्या महिन्यात करंगळी काढावी लागली. आता बुटात त्या जागी तेवढ्याच आकाराचा भराव हवा, नाहीतर पाय सरकून शेजारचं बोटही जायचं. पण पाय सुजलेला, वर पट्टी. उजव्या पायावरून अंदाज? मास्तरांपुढे अंदाज हा शब्दही काढायचा नाही. धड पायाची आकृती होती ती फक्त कम्प्युटरमध्ये, दोन वर्षांपूर्वीची.

आणि फाइल उघडेना. कम्प्युटरच्या डब्यातून नुसतं टक, टक, टक. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बंद करू नका. परत उठेल याची खात्री नाही. चालू आहे तोवर सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्या."

नवी डिस्क केबलने बाहेरून जोडली. पडद्यावर दोन डिस्क, दोन्ही एकाच साइजच्या, नावं नुसती आकड्यांची. 'कुठून' आणि 'कुठे' एवढंच निवडायचं. खाली ताकीद होती, जिथे उतरवाल तिथलं आधीचं सगळं पुसलं जाईल. मी घाईघाईत निवडलं आणि बटणाकडे बोट नेलं.

"थांब!" मास्तर खेकसले. "माप बोल."

"बाबा, हे काय चामडं आहे?"

"कापणार आहेस की नाही? हात ठेव आणि बोल."

मी रागारागाने पडद्यावर बोट टेकवलं. नावापुढे किती जागा भरली आहे ते बारीक अक्षरांत होतं. "ही जुनी. भरलेली. हिच्यातून..." आणि मी बोट मागे घेतलं. भरलेली डिस्क मी 'कुठे'च्या चौकटीत टाकली होती. बत्तीस वर्षांचे पाय एका बोटाने पुसले असते.

मास्तर ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी चौकटी बदलल्या, दोनदा मोठ्याने बोलले, बटण दाबलं.

एकसष्ट टक्क्यांवर टकटक थांबली आणि आकडाही थांबला. अकरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मास्तर डब्यावर तळहात ठेवून उभे होते, ताप बघावा तसे. मग बासष्ट झाले.

दुपारी कम्प्युटर बंद करून, जुनी डिस्क काढून नवी आत बसवली. चालू करायचं बटण मास्तरांनी दाबलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तोवर पडदा उजळला होता.

फाइल उघडली. कंडक्टरबाईंचा डावा पाय, पाचही बोटांसकट. त्या खुर्ची ओढून जवळ आल्या. मास्तर माप बोलू लागले. परत बोलायचं काम माझं, पण त्या दिवशी बाईच बोलत होत्या. टाच. चवडा. अंगठा.

"करंगळी," मास्तर म्हणाले. "लांबी बावीस मिलिमीटर. रुंदी तेरा."

बाईंनी पडद्यावरच्या त्या बोटावर हात ठेवला. मास्तर कधी कुणासाठी थांबत नाहीत. कात्री हातात धरून ते थांबले.

"बावीस," बाई म्हणाल्या. "तेरा."

मग मास्तरांनी कात्री लावली.