बाराचा पाढा तिघांत

आम्हा तीन भावंडांत मिळून एक माणूस शिकलेला आहे. तो नेमका कोण, हे अजून ठरलेलं नाही.

हे सगळं आप्पांच्या डोक्यातून निघालेलं! आप्पा म्हणजे आमचे वडील, कल्याणच्या मामलेदार कचेरीत कारकून. घरासमोर रस्त्यापलीकडे पंतोजींची शाळा. मला तिथेच घालायचं ठरलेलं. पण एक दिवस भर बाजारात आप्पा पंतोजींना बोलून बसले, "तुमच्या शाळेत पोरं बाकी काही शिकोत न शिकोत, मार खायला मात्र उत्तम शिकतात!"

लोक हसले. पंतोजी मात्र दुसऱ्या दिवसापासून सकाळी ओट्यावर बसून छडीला तेल लावायचे, आणि मी दिसलो की इतक्या मायेने म्हणायचे, "येशील रे बाळ! आज ना उद्या येशील!"

(ती माया आठवली की अजून माझे तळहात खाजतात.)

तर आप्पांनी जाहीर केलं, "पोरांना मीच शिकवणार. घरी!"

"तिघांना?" आई म्हणाली. "वासू अकराचा, गोदी आठाची, बंड्या पाचाचा. तीन पोरांचे तीन धडे कचेरीतून दमून आल्यावर घेणार तुम्ही?"

"तीन कशाला? दिवा एक, धूळपाटी एक, धडा एक! मोठ्याने सुरुवात करायची, मधलीने उचलायचं, धाकट्याने शेवटाला न्यायचं. पालखीला काय एकच भोई असतो?"

आई भाजी चिरत होती, पण भाजी अचानक फार बारीक चिरली गेली.

आणि खरं सांगतो, काय झकास चालायचं आमचं! मी म्हणायचो "बारा", गोदी म्हणायची "सत्ते", बंड्या किंचाळायचा "चौऱ्याऐंशी!" पुन्हा मी "बारा", गोदी "आठी", बंड्या "शहाण्णव!" धडधड धडधड, आगगाडीच! शेजारपाजारचे ओट्यावर येऊन ऐकायचे. आप्पा डोळे मिटून मान डोलवायचे. आता बाराच्या पाढ्यात माझ्या वाट्याला दहा वेळा नुसतं "बारा" यायचं, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही! मला वाटायचं, मोठा मी, अवघड काम माझ्याकडे.

लिहायलाही तेच. मी पाटीसमोर, गोदी बाजूला, आणि बंड्या जागा नाही म्हणून पलीकडून, पाटीच्या डोक्याशी. त्यामुळे बंड्याला वाचता यायला लागलं ते उलटं! आम्ही कौतुकाने हसलो आणि सोडून दिलं.

दोन वर्षं अशी गेल्यावर आप्पांनी ठरवलं, वासूला ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं. टेंभी नाक्यावर आत्या राहायची, मी तिच्याकडे राहायचं. शाळेत घेण्याआधी हेडमास्तर स्वतः परीक्षा घेणार होते.

"आणि नाही घेतलं तर?" मी विचारलं.

आप्पांनी खिडकीतून समोर पाहिलं. पंतोजी छडी उन्हात धरून सरळ आहे का बघत होते.

"घेतील," आप्पा घाईघाईने म्हणाले.

आत्याला भेटायचं म्हणून गोदी आणि बंड्याही निघाले. आगगाडीने जाऊ म्हटलं तर आप्पा म्हणाले, "तिच्या धडधडीत पाढे ऐकू येत नाहीत." म्हणून आम्ही खाडीने, ओहोटी धरून, होडीतून गेलो. वाटभर उजळणी! होडीवाला वल्हं थांबवून ऐकत राहिला.

"लय भारी हो, कारकूनदादा," तो म्हणाला. "तिगांचा मिलून येक पोपट झालाय!"

आप्पा खूश झाले. त्यांना ती स्तुती वाटली.

शाळेत शिपायाने सांगितलं, "मुलगा एकटाच आत. बाकीच्यांनी पडवीत थांबायचं."

एकटाच! मी आजवर एकटा नदीवरसुद्धा गेलेलो नव्हतो!

आत टेबलामागे हेडमास्तर. पगडी, चष्मा, आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय.

"नाव काय तुझं?"

"वासुदेव." आणि मी थांबलो.

"पुढे?"

"पुढे गोदी."

त्यांनी चष्मा काढला. "वडिलांचं नाव गोदी?"

"नाही हो! वडिलांचं नाव गोदी सांगते."

"आणि आडनाव?"

"ते बंड्याकडे असतं."

हेडमास्तर एकदम मवाळ आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं म्हणाले, "राहू दे. पाढे येतात?"

आता मात्र मला धीर आला! "येतात तर! तिसापर्यंत!"

"बाराचा म्हण."

मी छाती पुढे काढली. "बारा!"

"हं."

"बारा!"

"अरे पुढे..."

"बारा!" मी चालीत, मधे नेमकी जागा सोडत, खणखणीत दहा वेळा "बारा" म्हणालो. शेवटचा जरा लांबवला. आणि नमस्कार केला.

"झाला?"

"झाला."

हेडमास्तरांचे ओठ हलायला लागले. मी आशेने बघत होतो. आणि तेवढ्यात खिडकीबाहेर गोदीला राहवेना! (पडवीत तिला माझा प्रत्येक "बारा" ऐकू येत होता आणि प्रत्येक वेळी तिचा जीव कासावीस होत होता.) तिथून आवाज आला, "एके!" आणि लगेच टिपेत, "बारा!"

"कोण आहे रे तिकडे?"

शिपायाने दोघांना आणि मागोमाग आप्पांना आत आणलं. आप्पांचा चेहरा उपरण्याएवढा पांढरा.

"हे काय प्रकरण आहे?" हेडमास्तर म्हणाले.

"घरचंच शिक्षण आहे आमचं," आप्पा म्हणाले. "तिघांना मिळून ऐका की एकदा. फार सुरेख म्हणतात!"

हेडमास्तरांनी हात वर केला, आम्ही सुटलो! बारा दाहे विसासेपर्यंत एका दमात! हेडमास्तर हसू दाबायला रुमाल शोधायला लागले. मग त्यांनी बंड्याला जवळ बोलावलं.

"काय रे बंड्या, बारा सत्ते?"

"चौऱ्याऐंशी!"

"बारा नवे?"

"अठ्ठोदरसे!"

"सतरा पंचे?"

"पंच्याऐंशी!"

तिथे मला कळलं की आपला घात झाला. जगातले परीक्षक सुरुवात स्वतः करतात, मधलंही स्वतःच म्हणतात, आणि विचारतात फक्त शेवट! आणि आमच्या घरातले सगळे शेवट बंड्याकडे!

एवढ्यावर थांबेल तर तो बंड्या कसला? हेडमास्तरांच्या पुढ्यात पुस्तक उघडं होतं. टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूने, हा पठ्ठ्या भराभर वाचायला लागला! हेडमास्तर उभेच राहिले. "कारकून, हा मुलगा उलटं वाचतो!" त्यांनी कौतुकाने पुस्तक त्याच्याकडे सुलटं फिरवलं. बंड्याने नाक मुरडलं आणि परत उलटं केलं.

"याला मी घेतला," हेडमास्तर म्हणाले. "पुस्तक धरायचं कसं ते शिकवू."

"आणि वासू?" आप्पांचा आवाज बारीक झाला.

"याची सुरुवात फार स्वच्छ आहे. पुढचं कोणीतरी शिकवायला हवं." ते माझ्याकडे वळले. "कल्याणात कोणी चांगले पंतोजी नाहीत का?"

बंड्या आत्याकडे राहिला. परत येताना होडीत आप्पा पाण्याकडे बघत बसलेले. मी तळहात बघत बसलेलो. आणि शेजारी गोदी, कोणी काही विचारलेलं नसताना, एकटीच पुटपुटत होती. बारा एके बारापासून बारा दाहे विसासेपर्यंत. अख्खा!

"गोदे! तुला सगळं येतं?"

"येतं की. दोन्हीकडून कानांत ओरडत होतात."

"मग तिथे सांगितलं का नाहीस, भवाने?"

"मला मधलंच सांगितलेलं," ती म्हणाली. "आणि मला कोणी काही विचारलं का?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "शिकव याला. कल्याण यायच्या आत."

आणि शिकवलंन! भरतीचं पाणी वर चढत होतं आणि माझ्या डोक्यात "सत्ते चौऱ्याऐंशी" चढत होतं. चुकलो की गोदी चिमटा काढायची. होडीवाला मुद्दाम हळू वल्हवत होता. बंदर आलं तेव्हा मला बाराचा पाढा, एकट्याला, पहिल्यापासून शेवटपर्यंत येत होता! पुढचे चार दिवस गोदीने बाकीचे पाढेही चिमट्यांनी बसवले.

पाचव्या दिवशी मी रस्ता ओलांडला.

"आलास, बाळ?" पंतोजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं. "बाराचा पाढा म्हण."

मी धडाधड म्हणालो. एकट्याने! पंतोजींचा चेहरा पडला. त्यांनी तेराचा विचारला, सतराचा विचारला, एकोणतिसाचा विचारला. सगळे आले! छडी हिरमुसली होऊन खाली गेली. खिडकीत आप्पा मिशीला पीळ देत होते.

"बरं," पंतोजी सुस्कारा टाकून म्हणाले. "वहीत नाव घालतो. पूर्ण नाव सांग."

"वासुदेव," मी म्हणालो.

आणि थांबलो.

नावाची उजळणी घ्यायची आम्हाला कोणालाच सुचली नव्हती! पंतोजींचा चेहरा सूर्यफुलासारखा उमलत गेला. पहिल्या छडीला "महादेव" आलं, दुसरीला "टिपणीस".

मला वाटलेलं, ती खोड तिथेच मोडली. पण छडीने आलेलं नाव छडी समोर असली तरच येतं. गेल्या वैशाखात माझं लग्न झालं, तिथे कुठली छडी? भटजींनी भर मांडवात विचारलं, "नवरदेवाचं संपूर्ण नाव?"

"वासुदेव," मी म्हणालो. आणि मागे बघितलं.

माझ्या मागून गोदी म्हणाली, "महादेव."

पंगतीकडून, तोंडात लाडू कोंबलेला बंड्या ओरडला, "टिपणीस!"

भटजींच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. "अहो, नवरे आहेत तरी किती?"

बायको तेव्हापासून सगळ्यांना सांगते, "लग्न तिघांशी लागलं, पण माझ्या पदरात पडली ती नुसती सुरुवात!"